दुखणं गेलं, पण जमीन लांब गेली

तुमची स्वतःची कंबर धडधाकट असेल, तर पुढे वाचण्याआधी एक गंमत करून बघा. जमिनीवर पडलेली एखादी वस्तू उचला. चार्जर, चप्पल, काहीही. उचललीत? आता ती परत खाली ठेवा आणि पुन्हा उचला, पण या वेळी कमरेला मागून लाटणं बांधलंय असं समजून.

गुडघे वाकवावे लागले ना? एका हातानं कशाचा तरी आधार घ्यावासा वाटला? आणि ही झाली एकच वस्तू. आपण दिवसभरात किती वेळा जमिनीकडे जातो हे कधी मोजलंय? मीही मोजलं नव्हतं. माझ्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन होईपर्यंत.

आम्ही जयपूरचे मराठी. बाबांची इथे बदली झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. 'दोन-तीन वर्षांत परत जाऊ' म्हणता म्हणता मानसरोवरमध्ये घर झालं. आईचा कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला होता. शेवटी शेवटी तिला भाजीच्या ठेल्यापर्यंतसुद्धा सरळ चालता येत नव्हतं. चार पावलं चालली की दोन्ही पाय जड व्हायचे, मुंग्या यायच्या, मग कुणाच्या तरी पायरीवर बसायचं. गंमत म्हणजे सुपरमार्केटमध्ये ट्रॉलीवर ओणवं होऊन ती छान चालायची. हे लक्षण किती नेहमीचं आहे ते नंतर कळलं. पुढे झुकलं की नसांना जागा मिळते, म्हणून बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं. खालचे दोन सांधे जोडले, म्हणजे चौथा-पाचवा मणका आणि पाचव्या मणक्याखालचं त्रिकास्थी. तीन महिन्यांनी आईनं सेंट्रल पार्कची पूर्ण फेरी मारली, न थांबता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशन यशस्वी झालं, यात आजही मला शंका नाही.

मग संक्रांत आली. जयपूरची संक्रांत तुम्हाला ठाऊक असेल, सगळं शहर गच्चीवर असतं. पतंग, स्पीकर आणि 'वो काटा'चा आरडाओरडा. आमच्या घरी खाली हॉलमध्ये सतरंजी घालून हळदीकुंकू. बायका गोल करून बसल्या, आई मात्र उभी राहून वाण देत होती. ओळखीतल्या एक काकू आल्या, ऐंशीच्या पुढच्या. आई नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार करायला गेली आणि अर्ध्यातच थांबली. हात काकूंच्या गुडघ्यांपर्यंत पोचले, त्याखाली जाईनात. काकू म्हणाल्या, 'राहू दे गं, पावला नमस्कार.' सगळ्या हसल्या, आईही हसली.

रात्री मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर आई सांडलेला हलवा पायानं भिंतीकडे सरकवत होती. अन्नाला पाय लावायचा नाही, चुकून लागला तर हात लावून नमस्कार करायचा, हे आम्हाला शिकवणारी आई. मी झाडू घेतला. ती म्हणाली, 'दुखत नाहीये ना आता, मग तक्रार कशाची करायची?'

मला वाटतं, हेच वाक्य पुष्कळ घरांत बोललं जात असेल. आणि म्हणूनच या त्रासाबद्दल कुणी बोलत नाही.

कंबर ताठ होणं हा बिघाड नाही

आधी हे समजून घेऊया, कारण यात गैरसमज खूप आहेत.

फ्यूजन म्हणजे दोन किंवा जास्त मणके कायमचे एकमेकांना जोडणं. मध्ये हाडाचा चुरा किंवा तुकडे भरतात, आणि स्क्रू व सळ्या लावून सगळं घट्ट धरून ठेवतात. स्क्रू हे तात्पुरते पहारेकरी. खरं काम हाड करतं. काही महिन्यांत, कधी वर्षभरात, दोन मणक्यांच्या मध्ये नवं हाड तयार होऊन त्यांचं एकच हाड होतं. सरकणारा मणका सरकायचा थांबतो, नस चिमटायची थांबते, दुखणं कमी होतं. पण जो सांधा हलायचा थांबला, तो वाकायचाही थांबला. म्हणजे तेवढ्या भागातला ताठरपणा हा ऑपरेशनचा दुष्परिणाम नाही, तेच ऑपरेशन आहे. सांधा ताठ झाला नाही, तर डॉक्टर म्हणतील की फ्यूजन झालंच नाही.

ही कल्पना जुनी आहे. 1911 मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी या दोन डॉक्टरांनी मणक्याच्या क्षयाच्या रुग्णांवर अशी ऑपरेशनं केली. क्षयानं मणके ढासळायचे आणि मुलांना कुबड यायचं, ते थांबवायला मणके जोडून टाकायचे. तेव्हा वाकता येईल का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नसावा.

आता प्रश्न असा की, दोन सांधे जोडले तर एवढा फरक का पडावा? मणके तर कितीतरी आहेत. आहेत, पण सगळ्यांचं काम सारखं नाही. कमरेत पाच मणके असतात. आपण पुढे वाकतो तेव्हा थोडं काम खुबे करतात आणि थोडं कंबर. कमरेच्या वाट्यातला मोठा हिस्सा असतो सगळ्यात खालच्या दोन सांध्यांचा. नेमके तेच दोन सांधे सगळ्यात जास्त झिजतात आणि तेच सगळ्यात जास्त वेळा जोडले जातात. वळण्याचं मात्र तसं नाही. मागे वळून बघणं हे मुख्यतः पाठीचा वरचा भाग आणि मान करते. त्यामुळे आईला कुणी मागून हाक मारली तर ती आरामात वळते, पण पायातलं पैंजण तिला स्वतःला घालता येत नाही.

मांडी घालून बसण्याचा किंवा उकिडवं बसण्याचा हिशोब आणखी वेगळा. उभं असताना कमरेला आतल्या बाजूला एक बाक असतो. आपण जमिनीवर बसतो तेव्हा तो बाक सपाट होतो, पाठ थोडी गोल होते, आणि म्हणून आपला तोल सांभाळला जातो. फ्यूजनमध्ये मणके त्या बाकातच जोडलेले असतात, कारण उभं राहायला आणि चालायला तो बाक लागतो. आता हे बाकातले मणके घेऊन जमिनीवर बसायला जा. पाठ गोल होत नाही, वजन मागे जातं, माणूस मागे कलंडतो. आईला पहिल्यांदा असं झालं तेव्हा तिला वाटलं आपल्यात ताकद राहिली नाही. ताकदीचा संबंध नव्हता, भूमितीचा होता.

यात एक दिलासाही आहे. ऑपरेशननंतरचा सगळा ताठरपणा कायमचा नसतो. सुरुवातीच्या महिन्यांत स्नायू घाबरलेले असतात, जखमेची जागा ओढलेली असते, महिनोन्महिने कमी चालल्यामुळे मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या असतात. हा भाग सुटतो. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः यावरच काम करतात. खुबे आणि मांड्या जितक्या मोकळ्या, तितकं वाकण्याचं काम कंबरेवरून त्यांच्यावर ढकलता येतं. जो भाग जोडला, तो मात्र व्यायामानं सुटणार नाही, आणि सुटू नये. 'नंतर स्क्रू काढले की कंबर सैल होईल ना?' असं आमच्या एका नातेवाइकांनी विचारलं होतं. नाही होणार. तोवर हाड जोडलं गेलेलं असतं.

जयपूरला जे आधी कळलं

हे सगळं वाचत असताना मला सारखं आमच्या शहरातलं एक पाऊल आठवत होतं. जयपूर फूट. नाव तुम्ही ऐकलंच असेल, पण ते का तयार झालं हे कदाचित ठाऊक नसेल.

1960 च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. पाय गमावलेल्या माणसांना तेव्हा परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय दिले जायचे. त्यातला पंजा लाकूड-रबराचा, न हलणारा, आणि बूट घालूनच वापरायचा. रुग्ण तो पाय घेऊन गावी जायचे आणि काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसायचे. पाय वाईट नव्हता, त्यानं चालता यायचं. पण शेतात अनवाणी जाता यायचं नाही, उकिडवं बसता यायचं नाही, मांडी घालून जेवता यायचं नाही. देवळात बूट काढायचे तर पायच काढावा लागायचा.

त्याच हॉस्पिटलमध्ये रुग्णांना हस्तकला शिकवायला राम चंद्र नावाचे कारागीर यायचे, सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. शाळा फारशी शिकलेले नव्हते, हातात मात्र कला होती. डॉक्टर आणि मास्टरजी यांनी मिळून रबराचा असा पाय घडवला जो माणसाच्या पायासारखा दिसतो, सगळ्या बाजूंना वाकतो, ज्याला बूट लागत नाही आणि जो घालून उकिडवं बसता येतं. 1975 मध्ये जयपूरलाच भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू झाली आणि हा पाय लाखो लोकांपर्यंत मोफत पोचला. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती त्यांनी पाहिलेली एक साधी गोष्ट. पाय फक्त चालायला लागत नाही, बसायलाही लागतो. आणि आपल्याकडे बसणं म्हणजे खुर्चीवर नव्हे, जमिनीवर. जयपूरच्या जुन्या शहरात एक फेरी मारा. जोहरी बाजारात जवाहिरे पांढऱ्या गादीवर बसलेले. मणिहारांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या करणारे शेगडीसमोर जमिनीवर. साड्यांच्या दुकानात चपला बाहेर आणि गिऱ्हाईक गादीवर. गोविंददेवजींच्या देवळात दोन दर्शनांच्या मधल्या वेळात बायका खाली बसून भजनं म्हणतात. आई दर एकादशीला त्यांच्यात असायची. ऑपरेशननंतर ती दर्शन घेऊन लगेच निघायला लागली. आम्हाला वाटायचं, गर्दी आवडत नसेल.

पायाचं उत्तर जयपूरनं शोधलं. कमरेचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

कागदावरचे प्रश्न

कमरेच्या रुग्णाची अवस्था मोजायला जगभरात एक जुनी प्रश्नावली वापरतात, इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावाच्या नावाची. 1980 पासून आहे. दुखतं किती, चालता किती येतं, बसता, उभं राहता, झोपता येतं का, प्रवास जमतो का असे दहा विभाग. आईचे आकडे ऑपरेशननंतर छान सुधारले होते. आकडे खरे होते, पण हलवा कसा उचलता हे त्यात विचारलेलं नव्हतं.

अमेरिकेत ऑरेगनमधले डॉ. रॉबर्ट हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हीच उणीव जाणवली. त्यांनी 2013 च्या सुमारास फक्त ताठरपणाबद्दलची वेगळी प्रश्नावली तयार केली. दुखण्याचं विचारायचं नाही, अडतं कुठे ते विचारायचं. पँट आणि अंतर्वस्त्रं घालणं, मोजे-बूट, शौचानंतरची स्वच्छता, जमिनीवरची छोटी वस्तू उचलणं, कमरेखालचं अंग धुणं, पलंगावरून, खुर्चीतून आणि गाडीतून उतरणं, गाडी चालवणं, पती-पत्नींमधली जवळीक. असे दहाच प्रश्न. त्यांच्या अभ्यासात एकच सांधा जोडलेल्यांना ताठरपणाचा त्रास ऑपरेशननंतर उलट कमी झाल्यासारखा वाटला, कारण आधी ते दुखण्यानंच ताठले होते. पाच किंवा जास्त सांधे जोडलेल्यांचा त्रास वाढला. आणि तरीही बहुतेक जण म्हणाले की दुखणं गेलं त्या मानानं हे चालेल.

म्हणजे आई एकटी नव्हती. 'मग तक्रार कशाची करायची' हे ऑरेगनमध्येही म्हणतात.

पण मोजे-बूट हा आपल्याकडचा मोठा प्रश्न नव्हे. दक्षिण कोरियातल्या डॉक्टरांनी म्हणूनच लांब फ्यूजन झालेल्या रुग्णांसाठी स्वतःची प्रश्नावली केली आणि तिच्यात जमिनीवर बसण्याचा वेगळा विभाग ठेवला. त्यांच्याकडेही घरात जमिनीवरच बसतात, जेवतात, झोपतात. आपल्या घरासाठी अशी यादी करायची तर तिच्यात काय काय येईल? मी आईच्या मागे आठवडाभर फिरून ती केली. तुम्हीही करा, शक्य असेल तर ऑपरेशनच्या आधी.

घरातून एक चक्कर

बाथरूमपासून सुरुवात करा, कारण याबद्दल रुग्ण तोंड उघडत नाही. भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर पहिले काही महिने ते वापरायचंच नाही, आणि जास्त सांधे जोडले असतील तर कदाचित पुढेही नाही. कमोड असेल तरी तो पुष्कळदा बुटका असतो, त्यावर उंची वाढवणारी सीट बसवता येते. बाजूच्या भिंतीला धरायला एक दांडी हवी. स्वच्छतेसाठी हात मागे पोचत नाही ही अडचण खरी आहे आणि ती फार लाजवणारी आहे. आईनं मला सांगितली नाही. एक दिवस मग्याऐवजी तिथे लांब दांड्याचा डाव दिसला तेव्हा मला कळलं. जेट स्प्रे बसवायला प्लंबरला अर्धा तास लागला. तो अर्धा तास आम्हाला चार महिने सुचला नव्हता.

अंघोळीला स्टूल. पारंपरिक पाट नको, चांगलं उंच, रबरी बुडाचं प्लास्टिकचं स्टूल. बादलीही दुसऱ्या स्टुलावर. जयपूरला बिसलपूर धरणाचं पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे सकाळी बादल्या भरून ठेवायची सवय सगळ्यांना. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलो. सुरुवातीच्या काळात डॉक्टर साधारण चार-पाच किलोच्या वर उचलू देत नाहीत. बादल्या लहान करा, नाहीतर उचलणारा माणूस बदला. सिलिंडरचं तर नावच नको, आत गॅसच 14.2 किलो असतो.

पायांची नखं कुणीतरी दुसऱ्यानं कापायची, हे एकदा ठरवून टाका. आमच्याकडे ते काम बाबा करतात, रविवारी, चष्मा लावून, फार गंभीरपणे.

स्वयंपाकघरात रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्याच्या उंचीत आणा. आपल्याकडे पिठाचा डबा, तेलाचा कॅन आणि कुकर हमखास ओट्याखाली असतात. ते वर आणि दिवाळीची भांडी खाली. झाडू उभा घ्या. फरशी बसून पुसायची नाही, दांड्याचं पोछा चालेल, पण ढकलताना कंबर न फिरवता पायांनी पुढे जायचं.

साडी नेसता येते, पण पायाशी निऱ्या सारख्या करायला कुणीतरी लागतं. नऊवारीचा काष्टा विसरा, किंवा शिवलेली घ्या. आईनं गौरीला शिवलेली नेसली आणि दिवसभर 'ही काय खरी नव्हे' असं म्हणत होती. पायात बिनलेसचं काहीतरी लागेल. आमच्याकडे बापू बाजारात मोजड्या मिळतात, बिनलेसच्या असल्यामुळे मला त्या अगदी योग्य वाटल्या होत्या. पण नवी मोजडी टाचेत बोट घालून ओढावी लागते, आणि चामड्याचा तळ फरशीवर सरकतो. त्यापेक्षा रबरी तळाची चप्पल आणि एक लांब शू-हॉर्न बरा.

स्कूटरवर साडी नेसून एका बाजूला बसणं बंद, कारण त्यात कंबर पिळली जाते आणि प्रत्येक गतिरोधकाचा दणका थेट खाली बसतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही दोन्हीकडे पाय टाकूनच बसायचं. कारमध्ये बसताना आधी पाठमोरं होऊन सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. पलंगावरून उठताना आधी एका कुशीवर वळायचं, खांदा आणि खुबा एकदमच, मग पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटून बसतं व्हायचं. राजस्थानी खाट कितीही छान दिसली तरी मध्ये झोळ पडतो, तिच्यातून उठणं ही शिक्षा आहे.

वस्तू उचलायची एक युक्ती आईला फिजिओथेरपिस्टनं शिकवली. एक हात टेबलावर, वजन एका पायावर, दुसरा पाय सरळ मागे उचलायचा आणि खुब्यातून पुढे झुकून दुसऱ्या हातानं वस्तू घ्यायची. पाठ फळीसारखी सरळच राहते. ही युक्ती लगेच नाही, डॉक्टर वाकायला हरकत नाही म्हणतील तेव्हाच. पहिले सहा ते बारा आठवडे साधारण वाकणं, पिळणं, जड उचलणं हे तिन्ही बंद असतं, आणि तुमच्या बाबतीत नेमकं किती हे तुमचे सर्जनच सांगतील.

आणि जमिनीवर बसणं? हा प्रश्न सरळ विचारा. 'मला पूजेला, पंगतीला बसता येईल का? कधीपासून? किती वेळ?' एक-दोन सांधे जोडलेल्या बऱ्याच जणांना पुढे उंचवट्यावर बसणं जमतं. आईसाठी आम्ही मुढा आणला, सरकांड्यांचा, तो इथे सगळीकडे मिळतो. चौरंगापेक्षा बराच उंच, खुर्चीपेक्षा बुटका. खाली बसलेल्यांच्या डोळ्यांशी डोळे भिडतील एवढा. ताट बाजोटावर ठेवलं तर फार खाली जातं, म्हणून त्याच्याखाली एक खोकं.

जानेवारीत इथे रात्री कडाक्याची थंडी असते आणि दगडी फरशी बर्फासारखी होते. सकाळी कंबर जास्त आखडते. शेक घ्या, पण व्रणाच्या आजूबाजूची कातडी पुष्कळदा बधिर असते, भाजलेलं कळत नाही. पिशवी आधी हातानं तपासून मगच पाठीला लावा.

काही गोष्टी मात्र ताठरपणा म्हणून अंगावर काढायच्या नाहीत. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात नव्यानं आलेला अशक्तपणा, पोटरीला सूज, बरं झालेलं दुखणं पुन्हा पायात उतरणं, यासाठी सर्जनला दाखवा. लघवी तुंबली, लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. आणि वर्षं गेल्यावर जोडलेल्या भागाच्या वरचा सांधा दुखू लागू शकतो, कारण शेजाऱ्याचं वाकण्याचं काम आता त्याच्यावर पडलेलं असतं. म्हणून 'जोर लावून वाकत राहिलं की सवय होईल' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तंबाखू, विडी, सिगारेट यांनी हाड जुळायला अडथळा येतो, हे घरातल्या काकांना जरूर सांगा.

या संक्रांतीला आई मुढ्यावर बसून होती. बायका एकेक करून तिच्याकडे आल्या आणि तिनं बसल्या बसल्या हळदीकुंकू लावलं. रांगोळी मी काढली, ती वरून चुका सांगत होती. त्या ऐंशीच्या पुढच्या काकू आल्यावर सरळ म्हणाल्या, 'मलाही असाच एक आण बाई, माझे गुडघे कुठे राहिलेत आता.' आता घरात दोन मुढे आहेत.

मागच्या महिन्यात शेजारच्या भाभीजी आल्या होत्या. त्यांनाही ऑपरेशन सांगितलंय. खूप घाबरलेल्या होत्या, खर्च किती आला, दुखतं किती, टाके किती, सगळं विचारत होत्या. आईनं त्यांना चहा दिला आणि तिच्या मराठी हिंदीत आधी एकच विचारलं, 'कितने मणके जोडनेवाले हैं?' भाभीजींना ते ठाऊक नव्हतं. 'डॉक्टर को पूछो. और चलो, तुम्हारे घर जाते हैं.'

'अभी?'

'हां, अभी. पहले बाथरूम दिखाओ.'